खाडीला काय म्हणू?

'सुकतीच्या वेळी खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायका. दाभोळ.'

एवढीच ओळ होती. कोकण किनाऱ्याच्या चाळीस छायाचित्रांचं एक प्रदर्शन स्पेनमध्ये, गालिसिया प्रांतात जायचं होतं आणि त्या फोटोंखालच्या मराठी ओळी स्पॅनिशमध्ये करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिसऱ्यांना, म्हणजे चिखलातल्या त्या शिंपल्यांना, 'आल्मेहास', सुकतीला, म्हणजे ओहोटीला, 'बाहामार', बायकांना 'मुहेरेस'. हे सगळं भराभर जमलं. खाडीपाशी आले आणि हात थांबला. तो पुढे तीन आठवडे थांबला.

दाभोळच्या खाडीपलीकडे माझं आजोळ. मे महिन्यात दाभोळच्या धक्क्यावर उतरायचं, तरीत बसायचं आणि पलीकडे धोपाव्याला पाय लावायचा, की सुट्टी सुरू. तेव्हा जंगलजेटी नव्हती, गाड्या होडीत चढत नव्हत्या. खाडीचं पाणी हातानं उडवलं की ओठांवर खारट लागायचं आणि मामा म्हणायचा, 'भरती लागली गो.' पाणी कुठून आलं आणि कुठे चाललं हे त्याला न बघता कळायचं. मी पंचवीस वर्षं स्पॅनिश शिकते-शिकवते आहे, पण या पाण्याला त्या भाषेत हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. आली तेव्हा लक्षात आलं, की हा शब्द चुकवला तर चाळीसातल्या निम्म्या ओळी चुकणार आहेत. कारण कोकणच्या किनाऱ्याचा फोटो काढायचा म्हणजे दर दुसऱ्या फोटोत खाडी येणारच. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा, तेरेखोल.

मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये जायला हमरस्ता नाही. आपण सगळेच मधल्या कुठल्यातरी भाषेच्या पुलावरून जातो, आणि खाडीच्या बाबतीत दोन्ही पूल दगा देतात.

पहिला पूल हिंदीचा. हिंदीत बंगालच्या उपसागराला 'बंगाल की खाड़ी' म्हणतात आणि आपल्या आखाती देशांना 'खाड़ी देश'. म्हणजे हिंदी कोशाचं बोट धरून गेलात तर हाती लागतो 'गोल्फो'. गोल्फो म्हणजे आखात. इराणचं आखात, मेक्सिकोचं आखात. मामीच्या अंगणातून पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येतो, अशा पाण्याला आखात कसं म्हणायचं? मराठीनं इथे किती नेटकी वाटणी केलेली आहे याची मला खरोखर धन्यता वाटते. समुद्र जमिनीत शिरून, तीन बाजूंना जमीन घेऊन ऐसपैस पसरला तर उपसागर, मोठा पण आवळलेला असेल तर आखात, दोन समुद्रांना जोडणारी चिंचोळी वाट सामुद्रधुनी, आणि नदीच्या वाटेनं गावात आला तर खाडी. चार घरं, चार दारं. हिंदीत यातली तीन घरं एकाच दाराआड आहेत.

दुसरा पूल इंग्रजीचा. इंग्रजांनी आपल्या खाड्यांना 'क्रीक' म्हटलं, ठाणे क्रीक, वसई क्रीक, आणि त्यांच्या देशात त्याचा अर्थ बरोबरच होता, भरतीचं पाणी येणारा चिंचोळा फाटा. पण तोच शब्द अमेरिकेला गेला आणि तिथे त्याचा ओढा झाला. आज भाषांतराची यंत्रं अमेरिकी अर्थच आधी उचलतात. त्यामुळे 'क्रीक'चं स्पॅनिश होतं 'आर्रोयो'. काही वर्षांपूर्वी एका पर्यटन पत्रकात ठाण्याच्या खाडीचं नाव 'आर्रोयो' छापलेलं मी स्वतः वाचलं आहे. आर्रोयो म्हणजे ओढा, पावसाळ्यानंतर आटणारा, गुरं पाणी प्यायला नेतात तो. हजारो रोहित पक्षी जिथे हिवाळ्यात उतरतात, 2022 मध्ये जिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, ती ठाण्याची खाडी स्पॅनिश वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे ओढा म्हणून उभी राहणार. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. आता तर तेच काम माझ्या हातात होतं.

मग पूल सोडले आणि स्पॅनिशच्याच किनाऱ्यावर उतरले.

त्या भाषेत किनाऱ्याच्या वळणवाकणांना शब्दांची वाण नाही. 'बाईआ' म्हणजे मोठा उपसागरी बाक, जहाजांना आसरा देणारा. ('मुंबई'चं मूळ पोर्तुगीज 'बॉम बाईआ', म्हणजे छान उपसागर, असं अजूनही कुणी सांगतं. पण पोर्तुगीजमध्येही हा शब्द स्त्रीलिंगी आहे, तेव्हा 'बॉम' नाही, 'बोआ' म्हणावं लागेल. मुंबई मुंबादेवीचीच.) त्याहून लहान 'एन्सेनादा'. त्याहून लहान, कड्यांच्या कुशीतली 'काला', आणि कालाचं धाकटं रूप 'कालेता'. चिलीमध्ये कालेता म्हटलं की कोळ्यांची वस्तीच डोळ्यांसमोर येते, होड्या वर ओढलेल्या आणि जाळी वाळत घातलेली. हा शब्द मला इतका आवडतो की हर्णैच्या फोटोखाली तो वापरायचा मोह झाला होता.

पण यांतला कुठलाच शब्द खाडी नव्हता. का नव्हता, ते कळायला मला दोन दिवस लागले. हे सगळे आकाराचे शब्द आहेत. आकाशातून बघून किनाऱ्याची रेघ कुठे किती आत वळली, एवढंच ते सांगतात. त्यातून 'काला' हा शब्द भूमध्य समुद्राच्या काठी, मायोर्का-मेनोर्का बेटांच्या बाजूला मुरलेला, आणि भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. व्हॅलेन्सियाजवळच्या खाजणसरोवराला 'आल्बुफेरा' म्हणतात. अरबीतून आलेला, 'छोटा समुद्र' अशा अर्थाचा फार गोड शब्द. पण त्याच्याही पाण्याला दिवसातून दोनदा श्वास घेणं माहीत नाही. ज्या शब्दाला भरती ठाऊक नाही, तो खाडीसाठी चालणार नाही. ही माझी पहिली कसोटी ठरली.

एका रात्री मामीला फोन केला. ती सत्तरीच्या पुढे आहे, आता चिखलात उतरत नाही. विचारलं, 'मामी, खाडी म्हणजे काय, एखाद्या परक्या माणसाला कसं सांगशील?' ती म्हणाली, 'नदीचं पाणी जातं ता जातंच. खाडीचं जातं नि माघारी येतं.' मग थोडं थांबून म्हणाली, 'पर येताना खारं होऊन येतं गो.'

मी ते वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. माघारी येणारं पाणी, आणि येताना खारं होऊन येणारं. आता असा शब्द हवा होता.

भूगोलाच्या पुस्तकात लगेच सापडणारा शब्द म्हणजे 'एस्तुआरिओ'. नदीमुख, नरसाळ्यासारखं समुद्राकडे रुंदावत जाणारं, गोड्या-खाऱ्या पाण्याची भेट होते ते. अर्थ बरोबर, भरतीही आत. मूळ लॅटिन 'एस्तुस' या शब्दात आहे, आणि त्या एकाच शब्दाचे अर्थ बघा, उष्णता, उकळी, उसळी आणि भरती. आपल्या 'उधाण'ची आठवण यावी असा शब्द. तरीही फोटोखाली 'एस्तुआरिओ' लिहून बघितलं आणि वाचलं, तर तिसऱ्या काढणारी बाई एकदम पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत जाऊन उभी राहिल्यासारखी वाटली. मराठीत तिच्या फोटोखाली 'नदीमुखप्रदेश' लिहिलं तर जसं वाटेल तसं.

गंमत अशी की याच लॅटिन शब्दाचं दुसरं लेकरू स्पॅनिशमध्ये आहे, 'एस्तेरो'. आपल्याकडे जसे तत्सम आणि तद्भव असतात, 'क्षेत्र' पोथीत राहतं आणि 'शेत' नांगराखाली येतं, तसं हे. एस्तुआरिओ विद्वानांच्या हातून जसाच्या तसा आला. एस्तेरो लोकांच्या तोंडून झिजत, गुळगुळीत होत आला. मला वाटलं, सापडला. खाडीसारखाच, चिखलातून चालत आलेला शब्द.

पुढचा आठवडा मी एस्तेरोच्या मागे घालवला, आणि तो आठवडा मला फार मोलाचा वाटतो. कारण हा एक शब्द स्पॅनिश बोलणाऱ्या जगात जिथे जिथे गेला, तिथल्या पाण्याचा होऊन राहिला. इक्वादोरमधल्या ग्वायाकिल शहराच्या अंगाला 'एस्तेरो सालादो' आहे, खारा एस्तेरो. समुद्राचा हात शहरात शिरलेला आणि दोन्ही काठांना कांदळवन. त्याची छायाचित्रं बघितली आणि क्षणभर ऐरोलीच्या पुलावरून खाली बघते आहे असंच वाटलं. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश सत्ता गेली तरी शब्द राहिला. मनिला शहरातून वाहणाऱ्या, भरतीचं पाणी आत घेणाऱ्या नाल्यांना तिथे आजही एस्तेरोच म्हणतात. इथवर सगळं खाडीच्या जवळचं. पण चिलीत या! व्हिन्या देल मार गावातून 'एस्तेरो मार्गा मार्गा' वाहतो, आणि चिलीत एस्तेरो म्हणजे साधा ओढा, लहान नदी. आर्जेन्टिनात तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कोर्रिएन्तेस प्रांतात 'एस्तेरोस देल इबेरा' पसरले आहेत, ती गोड्या पाण्याची दलदल आहे, मगरींची आणि पाणवनस्पतींची. आणि खुद्द स्पेनमध्ये, कादिसच्या उपसागराकाठी, एस्तेरो म्हणजे मिठागरांच्या शेजारची तळी. भरतीबरोबर मासे आत येतात, दार लावून घेतात, मासे तिथेच पोसतात आणि मग पाणी सोडून ते धरतात. गोव्यातल्या खाजणांच्या बांधात 'मानस' बसवतात, लाकडी झडपेचं दार, त्याच्या तोंडाशी मासे अडकवणारी जाळी. त्या दोन काठांवरच्या माणसांना एकमेकांची भाषा कळत नसेल, पण एकमेकांचं दार नक्की कळेल.

म्हणजे ग्वायाकिलच्या वाचकाला मी एस्तेरो म्हटलं असतं तर त्याला खाडी दिसली असती. चिलीतल्या सान्तियागोच्या वाचकाला ओढा, कोर्रिएन्तेसच्या वाचकाला दलदल, कादिसच्या वाचकाला मत्स्यतळं. आणि माझं प्रदर्शन यांपैकी कुठेच चाललं नव्हतं. ते गालिसियात चाललं होतं. शब्द बरोबर की चूक हे नुसतं कोशात बघून ठरत नाही, तो वाचणारा कुठल्या काठावर उभा आहे ते बघावं लागतं. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले. स्वतःच्या खाडीवर वेळ आली तेव्हा ते इतकं खोल उतरलं.

आणि गालिसियाच्या काठावर जो शब्द आहे तो माझ्या समोरच होता. मी त्याला टाळत होते, कारण तो मला फार सोपा वाटत होता.

'रीआ.'

आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत 'कोकणचा किनारा रिया प्रकारचा आहे' असं वाक्य असतं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. हा शब्द मूळचा गालिसियाचा. फर्डिनंड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलवेत्त्यानं, ज्यानं 'रेशीममार्ग' ही संज्ञा रूढ केली त्यानंच, 1886 मध्ये तो शास्त्रात आणला. तिथल्या लोकांच्या तोंडी तो त्याआधी कितीतरी शतकं होता. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण 20,000 वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. नद्यांनी तेव्हाच्या किनाऱ्यापर्यंत खोल दऱ्या कोरल्या. मग बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांत शिरला. बर्फानं कोरलेल्या दरीत शिरला तिथे नॉर्वेचे फ्योर्ड झाले. नदीनं कोरलेल्या दरीत शिरला ती रीआ. गालिसियात ग्रॅनाइटचे डोंगर, आपल्याकडे काळा बसाल्ट आणि वर जांभ्याचे सडे. पण घडलेली गोष्ट तीच. सह्याद्रीवरून घाईघाईनं उतरलेल्या वाशिष्ठीची, दाभोळ खाडीच्या नदीची, वाट समुद्रानं अडवली आणि तो तिच्याच पात्रातून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत गेला.

गालिसियातली कथा अशी, की सृष्टी घडवून दमलेल्या देवानं विसाव्याला हात टेकला तो त्या भूमीवर, आणि त्याची पाच बोटं उमटली तिथे समुद्र भरला, त्याच त्या रीआ.

पण मला या शब्दात सगळ्यात जास्त गुंतवलं ते त्याच्या लिंगानं. स्पॅनिशमध्ये नदी पुल्लिंगी आहे, 'रीओ'. तिचं स्त्रीलिंग करा, 'रीआ' होतं, आणि नदीची खाडी होते. एका स्वरानं पाणी खारं होतं! स्पॅनिशमध्ये अशा काही जोड्या आहेत ज्यांत स्त्रीलिंगी रूप मोठं, पसरट, सामावून घेणारं असतं. 'चार्को' म्हणजे डबकं, 'चार्का' म्हणजे तळं. 'वेर्तो' म्हणजे परसातला भाजीचा वाफा, 'वेर्ता' म्हणजे मोठा मळा. तसाच रीओ चिंचोळा आणि रीआ रुंद. मराठीत आपलं नेमकं उलट. सुरा मोठा, सुरी लहान. टोपला मोठा, टोपली लहान. गाडा आणि गाडी. आपल्या व्याकरणात स्त्रीलिंग लागलं की वस्तू आटते, त्यांच्या या जोड्यांत ती पसरते. (सगळीकडे तसं नाही. 'बार्को' म्हणजे जहाज आणि 'बार्का' म्हणजे होडी, तिथे ते आपल्यासारखे वागतात.) आणि तिथले कोळी समुद्रालाही स्त्रीलिंगी करतात. शहरातला माणूस 'एल मार' म्हणतो, समुद्रावर पोट असलेला माणूस 'ला मार' म्हणतो. ओहोटीचा शब्द 'बाहामार', भरतीचा 'प्लेआमार', दोन्ही स्त्रीलिंगी. उधाणाच्या भरतीला ते 'जिवंत भरती' म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढउताराच्या भांगाच्या भरतीला 'मेलेली भरती'. मामाला हे सांगता आलं असतं तर तो नुसता मान हलवत बसला असता, इतकं ते त्याचं होतं.

तरी शब्द पक्का करताना मन कचरत होतं. पुस्तकातली व्याख्या जुळते म्हणून तिथल्या माणसाच्या मनातली रीआ आणि माझ्या मनातली खाडी एकच होते का? बारा वर्षांपूर्वी मी गालिसियात आरोउसाच्या रीआकाठी कांबादोस नावाच्या गावात चार दिवस राहिले होते. ते दिवस मी पुन्हा आठवू लागले.

पहिल्या सकाळी खिडकी उघडली तेव्हा समोर पाणी होतं आणि पाण्यावर ओळीनं उभे लाकडी तराफे. त्यांना 'बातेआ' म्हणतात. निलगिरीच्या तुळयांचे चौकोनी तराफे, त्यांवरून पाण्यात दोर सोडलेले आणि दोरांना लगडलेले शिंपले. गालिसियाच्या रीआंमध्ये असे तीन हजारांवर तराफे आहेत. न्याहारी करून परत आले तर निम्मं पाणी गेलेलं. जिथे पाणी होतं तिथे करडा, चकचकीत चिखल, आणि त्यात पन्नास-साठ बायका ओणव्या. कमरेपर्यंत रबरी विजारी, हातात दाती आणि शेजारी बादली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दाती चिखलात घालायची, ओढायची, शिंपला उचलून बघायचा, लहान असेल तर परत टाकायचा. त्यांना 'मारिस्कादोरा' म्हणतात. शिंपल्याचं माप ठरलेलं असतं, परवाना असतो, दिवस ठरलेले असतात, पण ओणवं होणं तेच, माझ्या मामीचं. पाठ जमिनीला समांतर, एक हात गुडघ्यावर, आणि नजर चिखलातल्या त्या बारीक भोकावर जिथून तिसरी श्वास घेते. मामी ते भोक बघून आत तिसरी आहे की नुसता खेकडा शिरून गेला आहे ते सांगायची. मला सात जन्मांत जमलं नाही.

दुपारी त्यातली एक बाई धक्क्यावर बसून पाय धूत होती. मी तिला सांगितलं, आमच्याकडेही बायका असंच काढतात. तिनं विचारलं, 'तुमच्याकडेही रीआ आहे?' मी चटकन 'हो' म्हणाले. भूगोल आठवला नव्हता, कोश उघडला नव्हता. तिच्या पायांवरचा चिखल बघून 'हो' म्हणाले होते. बारा वर्षांपूर्वी जे उत्तर मी देऊन मोकळी झाले होते, त्याच्याभोवती आता तीन आठवडे घिरट्या घालत होते.

फरक आहेत, आणि ते लपवायचे नाहीत. त्यांच्या रीआला तिवर नाहीत, चिपी नाहीत. कांदळवनाची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली त्या मारिस्कादोरेनं कधी बघितली नसणार. आणि त्यांच्याकडे मृग लागत नाही. पावसाळ्यात आपली खाडी लाल होते, चार महिने गोडी होते, समुद्राला मागे रेटते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी गाठ पडली की पाण्याला उतरायला वाट राहत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा गावातल्या लोकांच्या तोंडी पावसाइतकीच भरतीची वेळ होती. हे सगळं 'रीआ' या शब्दात येत नाही. पण ते फोटोत येतं. शब्दानं वाचणाऱ्याला काठावर आणून उभं केलं तर पुढचं फोटो सांगतो.

कुणी म्हणेल, 'खाडी' हा शब्दच का ठेवला नाही? रोमन लिपीत लिहा आणि खाली एक टीप द्या. मीही तसं लिहून बघितलं. रोमन अक्षरांत 'खाडी' आणि 'खादी' एकसारखेच दिसतात. गांधीजींमुळे खादी स्पॅनिश वाचकाला ठाऊक आहे. 'खादीत तिसऱ्या काढणाऱ्या बायका' असं तिथल्या भिंतीवर लागलं असतं.

एका फोटोपाशी मात्र 'रीआ' लिहायला हात धजला नाही. तो ठाण्याच्या खाडीचा होता, रोहित पक्ष्यांचा. ठाण्याच्या खाडीला वाशिष्ठीसारखी स्वतःची मोठी नदी वरून येऊन मिळत नाही. तो मुख्यतः समुद्रच आहे, मुंबईच्या बंदरातून वर चढत गेलेला, ठाण्यापाशी अरुंद होऊन उल्हासच्या खाडीला एका चिंचोळ्या वाटेनं जोडला गेलेला. नदीच नाही तर रीओची रीआ कशी करायची? एस्तेरो इथे जीव तोडून लिहावासा वाटला, ग्वायाकिलच्या आठवणीनं. पण वाचणार गालिसियातली माणसं. शेवटी लिहिलं 'ब्रासो दे मार', समुद्राचा हात. साधे तीन शब्द, कुठल्याही काठावर कळणारे, आणि मराठीत उलटे आणले तरी न खटकणारे.

खाडीच्या राहिलेल्या सतरा ओळींत 'रीआ' बसला. 'दाभोळच्या रीआत, बाहामारच्या वेळी, आल्मेहास काढणाऱ्या बायका.' स्पॅनिशमध्ये ही ओळ मोठ्यानं वाचली तेव्हा पहिल्यांदा बाई पाठ्यपुस्तकातून निघून चिखलात परत आली.

छपाईचे नमुने तपासायला आले तेव्हा सतराही ठिकाणी 'रीआ'तल्या ईकारावरची तिरकी रेघ गळलेली होती. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ हलावं तशी ही रेघ. ती नसेल तर स्पॅनिश वाचणारा दोन स्वर एका झटक्यात उरकतो, 'र्‍या' असं काहीतरी. ती असेल तर 'री'वर जोर पडतो, थांबतो, मग 'आ' मोकळा सुटतो. पाणी आत येऊन पसरावं तसा. मी सतरा ठिकाणी लाल शाईनं रेघ दिली, पान पान पुन्हा उलटून मोजली, आणि पाठवून दिली.

संध्याकाळी मामीचा फोन आला. तिची सून चिखलात गेली होती आणि अर्धी टोपली घेऊन परत आली होती. अष्टमी होती. 'भांगाचं पाणी गो,' मामी म्हणाली, 'पुरतं सुकलंच नाही.' मी म्हणाले, 'तिकडे त्याला मेलेली भरती म्हणतात.' फोनवर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'तिकडं पन खाडी हाय मंग.'